बेटकुळी वर चढली, तर सूज उतरायची वाट पाहू नका

सातारा-सांगलीकडे यात्रांची मैदानं सुरू झाली की तालमीत एक सल्ला हमखास ऐकू येतो: "एवढा हंगाम जाऊ दे, मग ऑपरेशनचं बघू." काही दुखापतींत तो खपून जातो. निखळलेला खांदा लगेच बसवावाच लागतो, पण सांध्याच्या वाटीची फाटलेली कड शिवायची की नाही, हे वय आणि एमआरआय पाहून सवडीने ठरवता येतं. बायसेप्स, म्हणजे बेटकुळीचा स्नायू, हाडाला बांधणारी दोरी म्हणजे कंडरा; ती कोपरापाशी तुटली तर मात्र सवड नसते.

वाकवलेला हात समोरच्याच्या वजनाने हिसक्यासरशी सरळ झाला, की ती हाडावरून उपटते. ‘कट्’ असा आवाज येतो, कोपराची खळ काळीनिळी पडते, बेटकुळी खांद्याकडे चढते. चार दिवसांत दुखणं उतरतं, हात वाकतोही, कारण ते काम मुख्यतः खालचा ब्रेकिॲलिस स्नायू करतो. घोटाळा इथेच होतो. बायसेप्सचं खास काम तळवा वर फिरवण्याचं. उजवा हात असेल तर स्क्रू आवळताना जोर लागत नाही.

कंडरा तुटलीय का, ते असं तपासा: पैलवानाने कोपर काटकोनात ठेवून तळवा पूर्ण वर फिरवावा. दुसऱ्याने खळीत अंगठ्याच्या बाजूने तर्जनी अडकवावी. शाबूत कंडरा ताठ दोरीसारखी लागते, बोट तिच्यामागे सुमारे १ सेंटिमीटर शिरतं. करंगळीच्या बाजूने घातलं तर तिथला पातळ पडदा हाताला लागतो आणि फसगत होते. अर्धवट फाटलेली कंडरा यातूनही सुटू शकते, म्हणून एमआरआय.

आता आतलं. स्नायूचा प्रत्येक तंतू सार्कोमिअर नावाच्या, मिलिमीटरच्या जेमतेम चारशेव्या भागाएवढ्या कड्यांच्या साखळीने बनतो. टोक सुटलं की स्नायू आखडून राहतो आणि शरीर साखळीतली ‘जादा’ कडी काढून टाकतं. स्नायू खरोखरच आखूड होतो. कंडरा गुंडाळून आसपासच्या व्रणात चिकटते, हाडाकडे जाणारी तिची वाट बुजते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती ओढून मूळ जागी बसवता येते. दीड-दोन महिन्यांनी ती पुरतेलच असं नाही; मग मांडीमागची कंडरा काढून जोड द्यावा लागतो.

दरम्यान कोपर चोळून घेऊ नका. जोरकस मालीशने ‘शीर जागेवर येत’ नाही. उलट मार बसलेल्या स्नायूत हाड धरू शकतं आणि सांधा आखडतो.

शिवल्यावर साधारण तीन महिने वजन नाही, कुस्ती सहाव्या महिन्याच्या सुमारास. चैत्रात शिवलेला हात, सगळं सुरळीत झालं तर, दसऱ्याला मातीत उतरतो.