दुष्काळ, दुष्काळसदृश आणि बातमी

१९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक अजब कायदा केला. राज्यात लागू असलेल्या कायद्यांमधून 'दुष्काळ' ही संज्ञा वगळून तिच्या जागी 'टंचाई' ही संज्ञा घालावी, एवढाच त्याचा आशय होता. शेतीच्या स्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच उपाययोजना सुरू होते, त्यामुळे दुष्काळ पडण्यास आता वावच उरलेला नाही, असे कारण कायद्याच्या प्रास्ताविकात दिले होते. नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. त्या वर्षाला लोक आजही 'बहात्तरचा दुष्काळ' असेच म्हणतात, 'बहात्तरची टंचाई' असे कोणी म्हणत नाही.

हा निव्वळ शब्दच्छल मानून सोडून देता येत नाही. हवामान आणि शेतीच्या बातम्यांतील बहुतेक शब्द म्हणजे प्रशासनाने किंवा शास्त्राने आखलेल्या रेषा असतात. रेषेच्या एका बाजूला जमीन महसुलातील सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलातील सवलत आणि विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्कमाफी असते, तर दुसऱ्या बाजूला केवळ परिस्थितीचे वर्णन असते. पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी (म्हणजे नेहमीचे पीक एक रुपया धरल्यास यंदाचे किती पैसे, हा सरकारी अंदाज) लागलेली गावे पूर्वी 'टंचाईग्रस्त' किंवा 'दुष्काळसदृश' ठरत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न निघाल्यावर 'दुष्काळसदृश'ऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, अशी दुरुस्ती करण्याची तयारी राज्य सरकारने दाखवली, आणि २९ हजारांहून अधिक गावे एका शुद्धिपत्रकाने दुष्काळग्रस्त झाली. दुसऱ्या दिवशीच्या बातम्या वाचून एखाद्याला वाटावे की आठवड्याभरात काही भयंकर घडले. प्रत्यक्षात विहिरी आदल्या दिवशी जेवढ्या कोरड्या होत्या तेवढ्याच होत्या.

त्याच वर्षी देशपातळीवर मात्र उलट दिशेचा बदल झाला. भारतीय हवामान विभागाने आपल्या वर्गवारीतून 'दुष्काळी वर्ष' हा शब्द काढून टाकला आणि 'तुटीचे वर्ष' हा शब्द स्वीकारला. यामागचा शास्त्रीय युक्तिवाद मला पटतो. पाऊस किती पडला हे हवामानशास्त्र मोजू शकते, पण जमिनीतील ओल, पेरणीखालील क्षेत्र, धरणांतील साठा आणि पिकांची अवस्था पाहिल्याशिवाय दुष्काळ ठरत नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनेही हेच सगळे निकष एकत्र केले. पण 'देशात दुष्काळ' हा मथळा अंगावर येतो आणि 'देशात पर्जन्यतूट' हा मथळा येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

या संहितेच्या चाळणीतून २०२३ मध्ये महाराष्ट्रातील केवळ ४० तालुके गंभीर किंवा मध्यम दुष्काळाचे ठरले. ओरड झाल्यावर काही दिवसांतच १,०२१ महसूल मंडळांत (तालुक्याहून लहान अशा गावांच्या गटांत) 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर करण्यात आली. जो 'सदृश' २०१६ मध्ये न्यायालयाच्या दारातून बाहेर गेला होता, तो सात वर्षांनी खिडकीतून परत आला.

व्याख्येतील शब्द तसाच ठेवूनही त्याचा अर्थ सरकू शकतो. नैर्ऋत्य मोसमी पावसाची देशाची दीर्घकालीन सरासरी १९५१ ते २००० या काळाच्या नोंदींवरून ८९ सेंटीमीटर धरली जात होती. पुढे १९६१ ते २०१० वरून ती ८८ आणि २०२२ पासून १९७१ ते २०२० वरून ८७ सेंटीमीटर झाली. सरासरी ठरावीक काळाने अद्ययावत करणे ही जगन्मान्य पद्धत आहे आणि त्यात लपवाछपवी काही नाही. तरीही गणित करून पाहावे. समजा, एखाद्या हंगामात ८४ सेंटीमीटर पाऊस झाला. जुन्या सरासरीशी ताडल्यास तो ९४ टक्के, म्हणजे 'सरासरीपेक्षा कमी'; नव्या सरासरीशी ताडल्यास तो जवळपास ९७ टक्के, म्हणजे ९६ ते १०४ टक्क्यांच्या पट्ट्यात बसणारा आणि म्हणून 'सर्वसाधारण'. 'यंदा पाऊस सरासरीइतका' या वाक्यातील सरासरी कोणत्या काळाची, हे बातमीत क्वचितच लिहिलेले असते. शिवाय देशाची सरासरी हा आकडा मेघालय आणि कोरडा माणदेश यांना एकाच मापाने मोजतो, त्यामुळे माणदेशातल्या आटपाडीच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

पावसाच्या बाबतीत तर एकच शब्द दोन अर्थांनी चालतो. महसूल खात्याच्या लेखी मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी आणि तेथून पंचनाम्यांची वाट मोकळी होते. हवामान विभागाच्या मोजपट्टीवर हा आकडा नुकताच 'जोरदार' पावसाच्या पायरीवर चढतो. 'अत्यंत जोरदार' म्हणवून घेण्यासाठी २०४.५ मिलिमीटर लागतात, आणि वृत्तपत्रे त्यालाही अतिवृष्टीच म्हणतात.

ढगफुटीची स्थिती याहून गंमतीची आहे. साधारणपणे एका तासात लहानशा क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तरच ढगफुटी म्हणतात. पण अनेक ठिकाणची पर्जन्यमापके सकाळी साडेआठला, चोवीस तासांतून एकदाच वाचली जातात; तासाचा हिशेब त्यांतून निघत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच मुंबईत कुलाब्याला तो ७५ मिलिमीटरच्याही आत राहिला, इतका पाऊस स्थानिक असू शकतो. मंडळाच्या ठिकाणचे मापक कोरडे आणि शेजारच्या गावाचा ओढा गावात शिरलेला, अशा वेळी वार्ताहर 'ढगफुटीसदृश पाऊस' असे लिहितो. मला यात त्याचा दोष फारसा दिसत नाही. डोळ्यांनी पाहिलेले आणि आकड्याने सिद्ध न होणारे यांच्यामध्ये त्याला उभे राहायचे असते. मात्र त्या गावाचा नुकसानभरपाईचा दावा मापकाच्या आकड्यावरच तपासला जातो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पिके पाण्याखाली गेली तेव्हा 'ओला दुष्काळ जाहीर करा' ही मागणी सर्वत्र घुमली. संहितेत अशी संज्ञाच नाही, मात्र दुष्काळाच्या वेळी देतो त्या सवलती देऊ, असे उत्तर सरकारने दिले. शेतकऱ्यांना शब्द हवा होता तो सवलतींसाठीच. आणि तो नसल्यामुळे कोणत्या गावाला किती आणि कोणत्या निकषाने द्यायचे, हे दर वेळी स्वतंत्र शासन निर्णय काढून ठरवावे लागते.