दोन वह्यांतून निसटलेले जीव

‘अमुक गावात वर्षभरात एकही बालमृत्यू नाही’ अशी बातमी दिसली की मी आधी त्या गावात वर्षाला जन्म किती होतात ते बघते. हजार-अकराशे वस्तीच्या गावात साधारण वीस. हजार जन्मांमागे २५ बालमृत्यू असा दर धरला, तर वीस जन्मांमागे सरासरी अर्धा मृत्यू येतो. अशा गावात काडीचीही सुधारणा झाली नाही, तरी एखादं वर्ष बालमृत्यूविना जाण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे त्या शून्यावरून गावाच्या आरोग्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. आणि हे सगळं जन्म-मृत्यूंच्या नोंदींची वही बिनचूक असेल तर.

वही बिनचूक नसतेच. एखाद्या भागात नवी आरोग्यसेविका येते, घरोघर फिरते, बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलू लागतात आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात तिथले बालमृत्यू वाढलेले दिसतात. मृत्यू वाढलेले नसतात, ते दिसायला लागलेले असतात. अशा वेळी वरून तिलाच जाब विचारला गेला, तर त्यानंतरच्या वर्षी आकडा गुपचूप खाली येतो आणि सगळे समाधानी होतात. मोजमापाचं याहून मोठं नुकसान मला माहीत नाही.

पण जे कुणी नोंदलंच नाही, ते मोजायचं कसं? या प्रश्नाला एक उत्तर आहे आणि ते मला फार आवडतं. त्याची सुरुवात माशांपासून करू. तळ्यातले १०० मासे पकडा, प्रत्येकावर खूण करा आणि पुन्हा पाण्यात सोडा. काही दिवसांनी परत १०० पकडा. त्यात खुणेचे २० निघाले, म्हणजे दर पाचातला एक खुणेचा. खुणेचे मासे एकूण १०० आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तळ्यात सुमारे ५०० मासे असणार. तळं उपसावं लागत नाही. डॅनिश जीवशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ च्या सुमारास माशांवर खुणा करून जे काम केलं, त्यावरून ही पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते.

हीच कल्पना जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी नीट बांधली ती भारतीय लोकसंख्याशास्त्रज्ञ सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी. पुढे जपानी कारखान्यांना गुणवत्तेचे धडे देणारे म्हणून गाजले, तेच हे डेमिंग. कोलकात्याजवळच्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या परिसरात १९४७ साली घरोघर पाहणी झाली, तिची यादी जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद ठेवणाऱ्या निबंधकाच्या वहीशी ताडून पाहिली गेली आणि १९४९ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

समजायला सोपं जावं म्हणून आकडे माझ्या मनचे घेते. निबंधकाच्या वहीत ६० मृत्यू आहेत. घरोघर फिरून केलेल्या दुसऱ्या यादीत ७४. दोन्हींत सापडलेले ५०. म्हणजे दोन्ही याद्या एकत्र केल्या तर ८४ मृत्यू हाती लागतात. आता माशांचं गणित लावा: ६० गुणिले ७४ भागिले ५०, उत्तर ८९ च्या जवळ. याचा अर्थ सुमारे पाच मृत्यू दोन्ही वह्यांतून निसटले.

इथे थांबलो तर फसलो. कारण या सूत्रात एक अट दडलेली आहे: एका वहीत सापडण्याचा दुसऱ्या वहीत सापडण्याशी संबंध नसावा. माणसांच्या बाबतीत तो असतो. घरातला कर्ता गेला की वारसा, जमीन, पेन्शन यांसाठी दाखला लागतो, शिवाय सगळ्या गावाला ते माहीत असतं. तो दोन्ही वह्यांत सापडतो. जन्मून काही तासांत गेलेलं बाळ दोन्हींतून सुटतं.

चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी यावर काढलेली तोड अशी की सगळ्यांचं गणित एकदम न करता गट पाडायचे. वरच्याच आकड्यांत मोठी माणसं आणि तान्ही बाळं वेगळी करू. मोठी माणसं: वहीत ५०, पाहणीत ५४, दोन्हींत ४५. उत्तर ६०. बाळं: वहीत १०, पाहणीत २०, दोन्हींत फक्त ५. उत्तर ४०. एकूण १००! आकडे तेच, बेरजाही त्याच, पण निसटलेले जीव पाचावरून सोळावर गेले आणि त्या सोळांतली पंधरा बाळं आहेत. एकत्र गणितात मोठ्या माणसांच्या भरवशाच्या नोंदींनी बाळांच्या नोंदींतलं भगदाड झाकून टाकलं होतं.

(कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा स्वतः करून बघा, नुसतं वाचून ते पटत नाही.)

आपल्या देशाचा जन्मदर आणि बालमृत्यूदर ज्या नमुना नोंदणी योजनेतून येतो, तिच्या मुळाशीही दोन वह्याच आहेत. १९६४-६५ मध्ये तिची चाचणी सुरू झाली. निवडलेल्या प्रत्येक गावात किंवा वस्तीत तिथलीच एक व्यक्ती, बहुतेकदा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, वर्षभर नोंद ठेवते. दर सहा महिन्यांनी बाहेरचा पर्यवेक्षक येऊन, ती वही न बघता, स्वतंत्र पाहणी करतो. मग दोन्ही याद्या जुळवतात. जुळल्या नाहीत त्या नोंदी घेऊन परत त्या घरी जातात आणि खरं काय ते ठरवतात. स्थानिक माणसाला आतली गोष्ट कळते, पण ती झाकण्याचा मोहही त्यालाच होतो. बाहेरच्याला मोह नाही, पण त्याला काही कळतही नाही. म्हणून दोघं लागतात.

महाराष्ट्रात तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत जन्म आणि बालमृत्यू मोजले आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत हे त्यातून पुढे आलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. हा आकडा काढता आला, कारण आधीचे मृत्यूही तितक्याच बारकाईने मोजलेले होते.

मृत्यूचं कारण शोधतानाही गावातलीच माणसं लागतात. ‘बाहेरची बाधा झाली’ असं कुटुंब सांगतं. बाधेने बाळ मरत नाही. व्हर्बल ऑटॉप्सी, म्हणजे घरच्यांना प्रश्न विचारून मृत्यूच्या कारणाचा माग, काढणारी बाई वाद घालत बसत नाही, ती विचारते: दूध ओढायचं कधी थांबलं? श्वास घेताना छाती आत जात होती का? अंग गार पडलं होतं का? या उत्तरांवरून डॉक्टर न्यूमोनिया किंवा जंतुदोष ओळखतात.

मरणापलीकडचं, म्हणजे जगण्यातलं सुख-समाधान मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक साधी पट्टी आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरजेला चाराने गुणायचं की शंभरपैकी आकडा मिळतो. पट्टी चांगली आहे. पण सासूसमोर सुनेला हे प्रश्न विचारले तर येणारा आकडा सासूचा असतो. अशा आकड्यांवरून ‘सर्वांत आनंदी शहर’ ठरवणाऱ्या याद्या मी वाचायच्या सोडून दिल्या आहेत.

याद्या जुळवण्याच्या कामाकडे परत येते, कारण खरं अवघड काम तेच आहे. एका यादीत लिहिलंय: ‘मुलगी, वय एक दिवस’. दुसरीत त्याच घरासमोर: ‘मृत जन्मलेलं बाळ, नाव नाही’. हे एकच बाळ आहे का? असेल, तर ते बालमृत्यूच्या रकान्यात जाईल की मृतजन्माच्या? जन्मल्यावर त्याने एकदा जरी श्वास घेतला असेल किंवा जिवंतपणाची दुसरी काही खूण दाखवली असेल, तर तो जिवंत जन्म आणि नंतरचा बालमृत्यू, नाहीतर त्या दरात त्याची गणतीच नाही. पर्यवेक्षक कागद घेऊन दारात उभा राहतो, पण विचारायचं असतं त्या रात्री बाळंतिणीजवळ असलेल्या बाईला: बाळ रडलं होतं का?