खोदणाऱ्या चाकाला हवी मऊ माती

जर्मनीत कोलोनच्या पश्चिमेला हांबाख ही लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची, अवाढव्य खुली खाण आहे. फिरत्या चाकाने माती खोदणाऱ्या ‘बॅगर २८८’ या यंत्राचं तिथलं काम आटोपलं आणि २००१ साली ते २२ किलोमीटरवरच्या गार्ट्सवायलर खाणीत न्यायचं ठरलं. सुटे भाग करून नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून ते स्वतःच चालत निघालं. वजन साडेतेरा हजार टन, लांबी २२० मीटर, उंची ९६ मीटर. वाटेत एर्फ्ट नदी, रेल्वेमार्ग आणि महामार्ग. पोहोचायला तीन आठवडे लागले.

एवढा बोजा जमिनीत रुतला कसा नाही? यंत्राखाली रणगाड्यासारखे बारा साखळीपट्टे आहेत, प्रत्येक जवळपास चार मीटर रुंद. वजन इतकं पसरतं की दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम पावणेदोन किलोचा भार येतो. पेट्रोलपंपावर आपण मोटारीच्या टायरमध्ये ‘बत्तीस’ हवा भरायला सांगतो, तो दाब सव्वादोन किलो होतो. म्हणजे मोटारीचा टायर या राक्षसापेक्षा जमिनीला जास्त दाबतो. मला या यंत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

खोदण्याचं काम पुढच्या चाकाचं. त्याचा व्यास साडेएकवीस मीटरहून थोडा जास्त आणि कडेला दातेरी पोहरे; एका पोहऱ्यात साडेसहा घनमीटर माती मावते. रहाटगाडग्यासारखंच हे चालतं: खाली भरायचं, वर रितं व्हायचं, मध्ये थांबणं नाही. वर आलेली माती स्वतःच्या वजनाने घसरून ती वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर पडते, आणि इथेच चाकाच्या वेगाला लगाम बसतो. फार जोरात फिरवलं तर केंद्रोत्सारी बलामुळे माती पोहऱ्यातच चिकटून राहील. एवढ्या व्यासाच्या चाकासाठी ती हद्द मिनिटाला नऊएक फेऱ्यांची येते, त्यामुळे प्रत्यक्षात चाक त्याहून बरंच हळू फिरवावं लागतं. तरीही दिवसाला दोन लाख चाळीस हजार घनमीटर माती उपसण्याची त्याची क्षमता आहे. हिशेब केला तर मिनिटाला किमान पंचवीस पोहरे रिते व्हायला हवेत, तेही चोवीस तास. हे सगळं चालतं बाहेरून केबलने आणलेल्या विजेवर.

इतकं मोठं यंत्र बांधायची वेळ का आली, याचं उत्तर कोळशातच आहे. ऱ्हाइनकाठच्या लिग्नाइटमध्ये निम्मं वजन पाण्याचंच असतं. असा कोळसा लांब नेणं म्हणजे भाडं भरून पाणी वाहणं. म्हणून वीजकेंद्र खाणीशेजारी उभं करायचं आणि उपसा इतका प्रचंड ठेवायचा की टनामागचा खर्च अगदी खाली यावा. पण असा उपसा करायला जमीनही अफाट लागते. गार्ट्सवायलरच्या विस्तारासाठी इमेराथ गाव उठवलं गेलं आणि २०१८च्या जानेवारीत तिथलं दोन मनोऱ्यांचं जुनं चर्च पाडलं गेलं. यंत्राची क्षमता सांगताना गावाचा हा हिशेबही सांगितलाच पाहिजे.

भारतात ही चाकं पाहायची तर तमिळनाडूत नेयवेलीला जावं लागतं. तिथेही लिग्नाइटच आहे आणि सुरुवातीची यंत्रं जर्मनीहूनच आली. पण कोळशावरचा कडलूर वालुकाश्म ऱ्हाइनकाठच्या वाळू-मातीपेक्षा फार कठीण आणि खरखरीत निघाला. पोहऱ्यांचे दात भराभर झिजू लागले. उपाय म्हणून आधी सुरुंगाने खडक सैल करायचा आणि मग चाक लावायचं, अशी पद्धत बसवली. शिवाय लिग्नाइटच्या थराखाली दाबाखालचं भूजल आहे. वरचं ओझं काढलं की ते खाणीचा तळ फोडून वर येईल, म्हणून भोवतालच्या विहिरींतून पंपांनी सतत पाणी उपसत राहावं लागतं.

मग आपल्या चंद्रपूर-वणीच्या खाणींत हे चाक का दिसत नाही? तिथला कोळसा गोंडवन काळातला, २५ कोटी वर्षांहून जुना. वरची काळी माती संपली की पक्का वालुकाश्म लागतो, आणि त्यापुढे चाकाचे दात टिकणार नाहीत. म्हणून ड्रिलने भोकं पाडायची, सुरुंग उडवायचा, शॉव्हेलने डंपर भरायचा आणि ओबी, म्हणजे कोळशावरचा दगडमातीचा भराव, डंपवर, म्हणजे ढिगाऱ्यावर, नेऊन ओतायचा. डंपर परतताना रिकामा येतो, डिझेल मात्र दोन्ही वाटांना जळतं. चाकामागच्या सरकत्या पट्ट्याला असा रिकामा परतीचा फेरा नसतो, हा फरक तिथे चांगलाच जाणवतो. हादऱ्यांनी घरांना तडे गेल्याच्या गावकऱ्यांच्या तक्रारींचं मूळही याच सुरुंगांत आहे.

निदान कोळशाच्या थरापुरता सुरुंग टाळता येतो. सरफेस मायनर नावाचं यंत्र कठीण दातांच्या फिरत्या ड्रमने कोळशाचा पातळ थर खरवडत पुढे जातं. कोळसा तिथल्या तिथे बारीक होतो आणि स्फोटकं लागत नाहीत. देशातल्या अनेक मोठ्या खुल्या खाणींत आज ते वापरलं जातं. वरच्या वालुकाश्मासाठी मात्र अजून ड्रिल आणि सुरुंगच लागतो.