तारा ‘मोठा’ दिसत नाही!

पन्हाळ्यावर आकाशदर्शनाला गेलं की कोणीतरी हमखास सांगतं, “गुरुत्वीय भिंगातून लांबचा तारा जवळ आणून बघता येतो.” वर्षानुवर्षं ऐकतोय. चूक आहे.

ताऱ्यांच्या या गुरुत्वीय भिंगाला मायक्रोलेन्सिंग म्हणतात. त्यात एक तारा दुसऱ्या, लांबच्या ताऱ्याच्या पुढून जातो. पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणानं मागच्याचा प्रकाश वळतो आणि त्याच्या दोन प्रतिमा बनतात. पण त्यांतलं अंतर इतकं कमी, की रंकाळ्याच्या कट्ट्यावरचं रुपयाचं नाणं मॉस्कोतून बघावं! साध्या दुर्बिणीत एकच ठिपका दिसतो. तो फक्त उजळतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा मंदावतो.

मग हा स्फोट नाही कशावरून? चढ आणि उतार एकसारखे असतात, आणि सगळ्या रंगांत वाढ सारखीच होते. नवतारा, म्हणजे स्फोटानं अचानक उजळणारा तारा, असं वागत नाही.

खरी मजा त्या उजळण्यातच आहे. आकाशगंगेच्या मध्यफुगवट्यातले, एरवी फार मंद असलेले तारे तेवढ्या काळात वर्णपट घेण्याइतके तेजस्वी होतात, म्हणजे त्यांतली मूलद्रव्यं कळतात. भिंग, म्हणजे पुढचा तारा, थेट मागच्या ताऱ्याच्या तबकडीवरूनच सरकलं, तर कडेचा भाग मधल्यापेक्षा किती मंद आहे तेही मोजता येतं.

खुद्द आइन्स्टाइननं १९३६ मध्ये लिहिलं होतं की हे दिसण्याची फारशी आशा नाही. १९९३ मध्ये दिसलं. लाखो ताऱ्यांवर रोज नजर ठेवावी लागली, एवढंच.