पितळ उघडं पडतं तेव्हा

माझ्या टेबलावर रायफलचं एक रिकामं काडतूस पडलं आहे, उभं चिरलेलं. चिरण्याआधी त्यात खोट काढायला जागा नव्हती. घासूनपुसून लख्ख, काठ सरळ, कुठे पोचा नाही. फक्त बुडापासून सेंटीमीटरभर वर, बाकीच्या अंगापेक्षा किंचित जास्त चकाकणारी एक केसाएवढी रेघ गोल फिरलेली होती. करवत चालवली आणि अक्षरशः पितळ उघडं पडलं. त्या रेघेच्या मागे, आतल्या अंगाला, खोल खाच होती. भिंत निम्मीही उरली नव्हती. आणखी एक-दोन बार काढले असते तर बूड बाहेर आणि धड चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, अडकलेलं, अशी गत झाली असती.

रिकामी काडतुसं पुन्हा भरून वापरणं म्हणजे रिलोडिंग. त्यात टिकली (ठोसा बसताच पेटणारी, बुडातली छोटी टोपी), दारू आणि गोळी दर वेळी नवी येते, पितळी नळकांडं तेवढं जुनंच राहतं. ते किती वेळा चालेल याचा ठरलेला आकडा नाही. पण माझ्या मते ते बाराच्या दणक्यानं जितकं मरतं त्याहून जास्त दोन बारांच्या मधे, आपल्याच हातून मरतं.

आधी या नळकांड्याचं काम बघू. बार उडतो तेव्हा आतला दाब आधुनिक रायफलीत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ४,००० पटींच्या घरात जातो आणि सगळा खेळ एक-दोन सहस्रांश सेकंदांत आटोपतो. तेवढ्यात पितळानं फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटायचं, म्हणजे वायू मागे नेमबाजाच्या तोंडाकडे येत नाही. आणि दाब उतरताच पुन्हा आक्रसून भिंत सोडायची, म्हणजे रिकामं काडतूस सहज बाहेर निघतं. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं हे मिश्रण या कामासाठी जन्माला आल्यासारखं आहे. ओढून कडक केलेलं पितळ सुमारे ०.४ टक्के ताण सहन करून पूर्ण मूळ जागी येतं. मऊ पितळाला त्याच्या चौथाईच्या आसपासच जमतं. म्हणून काडतूस सगळीकडे सारखं कडक नसतं. बूड जाड आणि कणखर, वर जाताना भिंत पातळ होत जाते, खांदा (नळकांडं जिथे निमुळतं होतं तो भाग) आणि मान (त्यापुढचा, गोळी धरणारा अरुंद भाग) त्यामानानं मऊ. एकाच तुकड्यात दोन स्वभाव.

आता ती रेघ कशी पडते ते. काडतूस चेंबरमध्ये घातलं, बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, लावला, तरी बूड आणि बोल्ट यांच्यात बारीकशी फट असू शकते. फायरिंग पिनचा ठोसा बसतो आणि काडतूस पुढे सरकून खांद्यावर टेकतं, म्हणजे सगळी फट मागे जमा होते. दारू पेटते. पुढची पातळ भिंत आधी फुगते आणि चेंबरला मिठी मारते. जाड बूड फुगत नाही, त्यामुळे त्याला धरायला काही नसतं. वायू त्याला मागे रेटतो आणि ते बोल्टवर आदळल्यावरच थांबतं. पुढचा भाग जागचा हलायला तयार नाही, मागचा निघाला. मग फटीएवढं अंतर भरून काढायला पितळ आणायचं कुठून? जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते, तिथूनच. समजा फट ०.२ मिलिमीटरची आहे आणि ताण ५ मिलिमीटरच्या पट्ट्यात वाटला गेला, तर त्या पट्ट्याला एका बारात ४ टक्के लांबावं लागलं. लांबलं की भिंत पातळ होणारच, धातू काही नवा येत नाही. आणि पुढच्या वेळी सगळ्यात दुबळी जागा तीच असल्यामुळे ताण पुन्हा तिथेच.

एकदा ताणलं गेल्यावर मात्र काडतूस त्या चेंबरच्या मापाचं झालेलं असतं. खांदा पुढे, बूड मागे, फट जवळजवळ नाहीशी. ते तसंच ठेवलं तर पुढचा बार त्याला फारसा जाचणार नाही. पण आपण ते डायमध्ये, म्हणजे मूळ मापाला आणणाऱ्या पोलादी साच्यात, घालून दाबतो, आणि ‘जरा जास्तच बसू दे’ म्हणत खांदा गरजेपेक्षा मागे ढकलतो. झालं, फट पुन्हा तयार. पुढच्या बाराला पुन्हा ताण, पुन्हा डाय, पुन्हा फट. जाणकार खांदा २ ते ५ शतांश मिलिमीटरच मागे घेतात आणि दर वेळी मोजून घेतात. .३०३ काडतुसाच्या ली-एनफिल्ड रायफलीत हा प्रकार जास्त दिसतो. तिथे काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं, खांद्यापाशी चेंबर ऐसपैस असतं आणि बोल्टला जागी अडकवणाऱ्या खुंट्या मागच्या बाजूला असल्यानं दाबाखाली तोही थोडा दबतो. अशा बंदुकीसाठी बरेच जण फक्त मानच आवळतात, अंगाला हात लावत नाहीत.

डायचा दुसरा परिणाम लांबीवर होतो. ओली माती मुठीत आवळली की बोटांवरून वर येते, तसं आवळलेलं पितळ मानेकडे सरकतं. .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या नळकांड्याची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर. त्यापुढे गेलं की काठ चेंबरच्या टोकाच्या पायरीत घुसतो, मानेला उघडायला जागा राहत नाही, गोळी चिमटीत सापडते आणि दाब भलताच चढतो. म्हणून ५०.९३ ला कापून घ्यायचं. इथे हयगय नको.

मानेचं दुखणं वेगळं. ती दर फेरीत फुगते, आवळली जाते, पुन्हा थोडी उघडली जाते. धातू वाकतो तो त्याच्या स्फटिकांतल्या अणूंच्या रांगांमधले दोष सरकल्यामुळे. ही कल्पना १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे मांडली. दर वाकण्याला असे दोष वाढत जातात आणि सुताच्या गुंत्यासारखे एकमेकांत अडकतात. गुंता वाढला की धातू कडक, आणि शेवटी ठिसूळ. पण मानेला उभी चीर पडण्याच्या कितीतरी आधी नेम बिघडायला लागतो. कडक मान डायमधून बाहेर येताच थोडी उसळून उघडते, एखादी कमी, एखादी जास्त, आणि गोळीवरची पकड दर काडतुसाला निराळी होते.

यावर उपाय भांडी घडवणाऱ्या कारागिरांना केव्हापासून ठाऊक आहे. तापवायचं, म्हणजे गुंता सुटतो आणि नवे, मऊ स्फटिक तयार होतात. फक्त मान आणि खांदा, तेही काही सेकंद. बुडाला झळ लागता कामा नये. तापवल्यावर पाण्यात टाकण्याची पद्धत आहे, त्यानं पितळ कडक होतं असा समज पोलादावरून आलेला दिसतो. पितळाला पाण्यानं काही फरक पडत नाही, उष्णता बुडाकडे पसरायची थांबते इतकंच. एकदा मऊ पडलेलं बूड पुन्हा कडक करायचं तर ठोकून, दाबूनच करावं लागेल, आणि ते घरी कोणी करत नाही. सैनिकी काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक हीच, कारखान्यात तापवल्याची खूण.

टिकलीचं घर सैल होणं हे तिसरं लक्षण. नवी टिकली अंगठ्यानं बसू लागली, तर बुडाचं पितळही सरकायला लागलं आहे. बहुधा दारूचं प्रमाण जास्त होतंय.

एकही बार न काढता काडतूस तडकू शकतं, हे मला सगळ्यात नवलाचं वाटतं. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं आपोआप चिरायची. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात कोंडून राहिलेला ताण, या तिघांची ही करणी असल्याचं १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवलं. हलकंसं तापवून तो ताण आधीच उतरवणं आणि साठा कोरडा ठेवणं हा इलाज ठरला. काडतुसं चमकवायला अमोनिया असलेलं पॉलिश वापरू नये म्हणतात, ते याच कारणानं.

परत त्या रेघेकडे. ती बाहेरून दिसेपर्यंत थांबायची गरज नसते. एक बारीक तार घ्यायची, टोक काटकोनात किंचित वाकवून अणकुचीदार करायचं, आणि काडतुसाच्या आत बुडापासून वर हळूच ओढत आणायचं. भिंत गुळगुळीत असेल तर तार सरळ घसरत येते. खाच असेल तर टोक तिथे अडखळतं, बोटाला स्पष्ट कळतं. अडखळलं की ते काडतूस बाद. टाकण्याआधी पक्कडीनं त्याचं तोंड चेपायचं, नाहीतर घासूनपुसून ते पुन्हा चांगल्या ढिगात येऊन बसतं.