पिठीसाखर, खडीसाखर आणि नायट्रोफ्युरँटॉइन

मागच्या वर्षी मावशीला उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ, दर दहा मिनिटांनी बाथरूम, ओटीपोटात दुखणं, सगळं. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली सगळं करून झाल्यावर ती डॉक्टरकडे गेली, त्यांनी नायट्रोफ्युरँटॉइन १०० एसआर हे अँटिबायोटिक लिहून दिलं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. मेडिकलवाल्याने दिली साधी १००, नाव तेच, आकडा तोच, फक्त एसआर (सस्टेन्ड रिलीज, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) ही दोन अक्षरं स्ट्रिपवर नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला इतकं मळमळायला लागलं की पोटात भाताचा घास ठरेना, तिने गोळ्या बंद केल्या आणि आठवड्याच्या आत जळजळ परत सुरू. तेव्हापासून मी या दोन अक्षरांच्या मागे लागले आणि खरं सांगते, त्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात नायट्रोफ्युरान नावाच्या कुटुंबापासून होते. ही रसायनं फरफ्युरलपासून बनतात आणि अमेरिकेत फरफ्युरल मोठ्या प्रमाणावर काढलं जायचं ते ओट्सच्या टरफलांतून. १९४४ मध्ये डॉड आणि स्टिलमन या संशोधकांनी दाखवलं की फ्युरानच्या कड्याला ठरावीक जागी नायट्रो गट जोडला की जंतू मरतात. आपल्याकडे भाजल्यावर लावायचं ते पिवळं फ्युरासिन मलम याच घरातलं. पोटातून घ्यायचं भावंड १९५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विचच्या ईटन लॅबोरेटरीजने आणलं, फ्युराडँटिन या नावाने.

हे औषध लघवीसाठीच जन्मलंय असं वाटावं इतकं विचित्र आहे. रक्तात ते जेमतेम टिकतं, किडनी ते भराभर लघवीत टाकते आणि मूत्राशयात ते भरपूर साठतं. म्हणून मूत्राशयाच्या साध्या इन्फेक्शनला छान, पण ताप, थंडी, कमरेच्या वर पाठीत दुखणं असेल, म्हणजे इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं असेल, तर हे पुरत नाही कारण तिथल्या पेशींत ते पुरेसं पोचतच नाही.

अडचण होती ती मळमळीची. पहिल्या गोळीतली पूड फार बारीक होती, पोटात गेल्या गेल्या विरघळायची, लहान आतड्यातून एकदम शोषली जायची आणि बाईचा जीव कासावीस व्हायचा, त्यात डोस दिवसातून चार वेळा. साठच्या दशकाच्या शेवटी मॅक्रोडँटिन आलं, औषधात काहीही बदल नाही, फक्त कण मोठे केले. पिठीसाखर जिभेवर ठेवली की लगेच जाते आणि खडीसाखर चघळत बसावी लागते, बस तेवढाच फरक, पण त्याने शोषण हळू झालं आणि उलट्या कमी झाल्या. मला या सगळ्या गोष्टीत हाच टप्पा सगळ्यात हुशारीचा वाटतो. तरी चार वेळा घेणं काही सुटलं नाही.

ते सुटलं १९९१ मध्ये, अमेरिकेत मॅक्रोबिड आलं तेव्हा. शंभर मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये २५ मिलिग्रॅम मोठे खडे आणि ७५ मिलिग्रॅम मोनोहायड्रेट, म्हणजे त्याच औषधाचं पाण्याशी जोडलेलं रूप, अशा भुकटीत मिसळलेलं जी पोटातल्या पाण्याशी गाठ पडली की भिजवलेल्या सब्जासारखं जेल धरते आणि आतलं औषध हळूहळू सोडते. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पुरे.

पण मधल्या काळात जग दुसरीकडेच गेलं होतं. आधी कोट्रायमॉक्साझोल, मग ऐंशीच्या दशकात नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, तीन दिवसांत काम फत्ते. आपल्या घरांत तर नॉरफ्लॉक्स जुलाबालाही आणि लघवीलाही, विचारता सोय नाही. त्याचं फळ म्हणजे इ. कोलाय, लघवीच्या इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू, या औषधांना दाद देईनासे झाले आणि भारतात तर फारच. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र बऱ्यापैकी टिकलं, कारण ते जंतूच्या एकाच जागी वार करत नाही, जंतूचीच एन्झाइम्स त्याला जहाल रूप देतात आणि मग ते प्रथिनं, डीएनए सगळीकडे घाव घालतं. २०११ च्या अमेरिकन-युरोपियन गाइडलाइनमध्ये ते दिवसातून दोनदा पाच दिवस असं पहिल्या पसंतीत आलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, साध्या इन्फेक्शनला दुसरा पर्याय असेल तर फ्लुओरोक्विनोलोन (नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांचं कुटुंब) देऊ नका असं बजावलं.

फॉस्फोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची तीन ग्रॅमची एक पुडी पाण्यात घालून एकदाच प्यायची, हा सोपा पर्याय आहेच. पण २०१८ मध्ये छापून आलेल्या ५१३ बायकांच्या चाचणीत २८ दिवसांनी पूर्ण बऱ्या झालेल्यांचं प्रमाण नायट्रोफ्युरँटॉइनकडे ७० टक्के, फॉस्फोमायसिनकडे ५८. गंमत म्हणजे तिथे डोस दिवसातून तीनदा होता, दोनदा नाही, म्हणजे नुसतं औषधाचं नाव वाचून दोन आकड्यांची तुलना करता येत नाही, कुठला खडा आणि किती वेळा ते बघावंच लागतं.

आणि हे सगळ्यांना चालतं असंही नाही. किडनी फार कमजोर असेल, जी६पीडीची (लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल, बाळंतपण अगदी जवळ आलं असेल तर नको, आणि महिनोन्‌महिने घेतलं तर फुप्फुसांना, नसांना त्रास होऊ शकतो. आपल्याकडे जळजळीला लगेच जे अल्कलायझरचं गोड सरबत आणतात त्याने लघवीची आम्लता कमी होते आणि नायट्रोफ्युरँटॉइन आम्ल लघवीतच जास्त चालतं, तेव्हा दोन्ही एकत्र घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मावशीला डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तेच लिहून दिलं, या वेळी मी स्वतः स्ट्रिप उलटी करून एसआर वाचून आणलं, जेवणानंतर घे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घाबरून फोन, अगं लघवी चहासारखी होतेय. म्हटलं मावशी, तो औषधाचाच रंग आहे, मळमळतंय का ते सांग. म्हणाली, नाही गं, आत्ताच दोन पोळ्या खाल्ल्या.