कुजलेला पाला खाणारं ऑर्किड? नाही!

युरोपात बीच नावाच्या झाडांच्या गर्द जंगलात मे-जूनमध्ये पाचोळ्यातून मधासारख्या तपकिरी रंगाचा एक तुरा वर येतो. पान एकही नाही, देठावर फक्त खवले. हे बर्ड्स नेस्ट ऑर्किड. जाडसर मुळांचा गुंता पक्ष्याच्या घरट्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. पुस्तकांतून वर्षानुवर्षं एकच वाक्य चालत आलंय: ही वनस्पती ‘मृतोपजीवी’ आहे, कुजलेल्या पानांवर जगते. हे चूक आहे, आणि ते आता तरी थांबायला हवं.

पाला कुजवण्याची ताकद या मुळांत नाहीच. मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पेशीपेशीत बुरशीच्या तंतूंची वेटोळी दिसतात, काही टवटवीत, काही विरघळून गोळा झालेली. ऑर्किड ती पचवतं. हेच त्याचं जेवण.

ही सेबासिना गटातली बुरशी पोसली जाते बीचच्या मुळांवर. झाडाला ती पाणी आणि खनिजं पुरवते, बदल्यात साखर घेते. म्हणजे वर पानांनी उन्हात केलेली साखर बुरशीमार्गे या तपकिरी तुऱ्यापर्यंत पोचते. पण ऑर्किड झाडाच्या मुळांना थेट चिकटत नाही, त्यामुळे त्याला बांडगुळाच्या रांगेत बसवणंही बरोबर नाही.

बुरशीला यातून काय मिळतं? आजवर तरी तिच्या फायद्याचं काहीच हाती लागलेलं नाही. आणि सगळं जेवण झाडाकडून बुरशीमार्गेच येत असल्यामुळे हे ऑर्किड उपटून बागेत लावलं तर मरतं: त्याचं ताट तर जंगलातच राहिलेलं असतं.